उबदार अ‍ॅम्प्लिफायर आणि रेड्याची पाठ

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. ज्या जंगलात वीज पोचली होती पण अक्कल अजून वाटेतच होती, अशा एका जंगलातली ही गोष्ट आहे.

तिथे धोंडू नावाचं अस्वल बेस गिटार वाजवायचं. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. ती मुद्दाम कोणी ऐकत नाही. पण ती थांबली की नाचणाऱ्यांचे पाय चुकतात.

धोंडूचा अ‍ॅम्प्लिफायर जेवणाच्या डब्याएवढा होता. बगलेत मारायचा, वायर खुपसायची, वाजवायचं. हरणं नाचायची. बरं चाललं होतं.

मग साळिंदरकाका आले. काकांनी जन्मात कुठल्या वाद्याला हात लावला नव्हता, म्हणून ते तज्ज्ञ होते.

"आवाज स्वच्छ आहे," काका नाक मुरडून म्हणाले. "पण ऊब नाही. ऊब असते फक्त व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला."

"ऊब म्हणजे काय हो, काका?"

"ज्याला विचारावं लागतं, त्याला ती कळणार नाही."

धोंडू ओशाळला. साठवलेला सगळा मध आणि जुना डबा देऊन त्याने व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. कपाटाएवढं धूड! आत आठ व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या. ते तापून लाल झाले की मगच आवाज यायचा. आवाज भरदार होता, खोटं कशाला बोलू? पण धूड हलवायचं कोणी?

"मी आहे ना," हणमा म्हणाला. हा बँडमधला ढोल वाजवणारा रेडा, धोंडूचा जिवलग मित्र.

टेकडीवरच्या जत्रेत कार्यक्रम ठरला. हणमा धूड पाठीवर घेऊन चढू लागला. शेवटच्या वळणावर त्याच्या पाठीत कळ आली आणि तो गुडघ्यांवर कोसळला. धूड आपटलं. आत काच खळखळली.

"लागलं का रे?" काका धावत आले. ते व्हॉल्व्हना विचारत होते.

हणमाला झाडाखाली निजवलं. धूड सगळ्यांनी ओढत मंचावर नेलं. चालू केलं, तर चकार शब्द नाही.

फुगे विकणारी चिंगी माकडीण पुढे आली. गिऱ्हाइकांना हाका मारायला तिच्याकडे प्लास्टिकचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर होता. "हा घे," ती म्हणाली. धोंडूने तो धुडामागे ठेवला आणि वाजवायला लागला. हरणं नाचली.

काकांनी डोळे मिटले. "अहाहा! ही ऊब!"

चिंगीला हसू आवरेना. "काका, मागे येऊन बघा. तुमची ऊब माझ्या फुग्यांच्या डब्यातून येतेय."

काकांनी मागे जाऊन बघितलं. क्षणभर त्यांचे काटे ताठ झाले. मग ते म्हणाले, "अर्थात! एवढी थोर वस्तू पुढे उभी असली की लहानालाही तिची ऊब लागतेच. आणि धोंडू, तू खरा कलावंत आहेस!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. धोंडूला खरं काय ते कळत होतं. पण त्याला आजवर कोणी कलावंत म्हटलं नव्हतं. त्यानेही मान डोलावली.

नियम झाला. यापुढे प्रत्येक छोट्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे एक बंद पडलेला मोठा ठेवायचा.

हणमा महिन्याभराने उठला. "बंदच असतो, तर वर न्यायचा कशाला?" त्याने विचारलं.

धोंडूने त्याच्याकडे बघितलं नाही. "हणमा, तुझा कान तयार नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर दोर आवळू लागला.

तात्पर्य: जड वस्तूचा आवाज उबदारच असतो, मुलांनो. फक्त ती दुसऱ्याच्या पाठीवर हवी.