कापलेली मंगलाष्टकं

लोकांच्या लग्नाचे टाकाऊ व्हिडिओ मागून आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इंदूरजवळ राऊला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दिनकरजी वैद्य. एडिटिंग करताना व्हिडिओवाले जे काढून टाकतात, म्हणजे नवरदेवाची शिंक, रुसलेले फुफाजी, बंद करायच्या राहिलेल्या कॅमेऱ्यात आलेल्या नुसत्या चपला, ते सगळं हे जुनी इंदूर भागातल्या दुकानांतून गोळा करतात. "फेकू नका भिया, चलेगा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मग त्या चिंध्या जोडून ते सिनेमा करतात.

पहिला सिनेमा मी सोसला आहे. पाऊण तास नुसती माणसं जेवत होती, तीही कॅमेऱ्याचा लाइट तोंडावर पडल्यामुळे घास अडकलेली.

"यात कहाणी कुठाय?" मी विचारलं.

"कहाणी त्या लोकांनी ठेवून घेतली ना. आपल्याकडे बचा हुआ माल."

त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, शेजारी बसून शांतपणे मटार सोलत होत्या. हौसेला मोल नाही म्हणतात. काकूंच्या सहनशक्तीलाही नसावं.

यंदा दिनकरजींनी मंगलाष्टकं धरली. लग्नात एखादी मावशी कागद उलगडून स्वतः रचलेलं मंगलाष्टक गाते, दुसऱ्या ओळीला सूर हरवतो आणि व्हिडिओत तिच्या जागी सनई वाजते. अशा डझनभर मावश्या जमल्या, तरी यांच्या दुकानांच्या चकरा थांबेनात.

"आता कोण राहिलं?" मी छेडलं.

काकू आत गेल्याचं बघून ते म्हणाले, "ही राहिली. मानपुरला भाच्याच्या लग्नात गायली होती. महिनाभर लिहीत होती बिचारी. कॅसेट आली तर सनई. बोलली काही नाही, पण नंतर कुठल्याच लग्नात गायली नाही. ती ओरिजिनल कॅसेट मिळाली पाहिजे, बस."

त्यानंतर मला त्यांची थट्टा करवेना.

गेल्या रविवारी वरून बोलावणं आलं. एका दुकानाच्या माळ्यावर कॅसेट सापडली होती. पडद्यावर बाकीच्या मावश्यांची एकेक ओळ येऊन गेली. मग हिरव्या शालूतल्या तरुण सुधाकाकू आल्या आणि सगळी कडवी गायल्या, मधल्या खोकल्यासकट. बेसूर होत्या, खोटं कशाला बोलू.

"इथे कैची नाही चालवली?" मी हळूच विचारलं.

"हिच्यात काटायला काय आहे, भिया?"

काकू डोळे पुसत पडद्यावरच्या स्वतःबरोबर गात होत्या, तेवढ्याच बेसूर. आणि मंगलाष्टकं चालू असताना माणसं उभी राहतात, तसे दिनकरजी उभे होते.