जेवणानंतरची गोळी

या, असे जवळ सरका, टाळ घडीभर मांडीवर ठेवा. कीर्तनाला अजून वेळ आहे, तोवर जळबातात्यांच्या गोळीची गोष्ट तुमच्या कानावर घालतो. साल असेल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर.

सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सकाळचा पहारा तीस वर्षं तात्यांचा. पण त्या पौषात त्यांना उभ्या उभ्या भोवळ आली. देवळाचा खांब हाती लागला म्हणून निभावलं. ‘गळ्यात वीणा असती तर?’ या एकाच धास्तीनं तात्यांनी जवळा बाजारचा दवाखाना गाठला.

शेषराव डॉक्टरांच्या दारात बाजाराच्या दिवशी ही गर्दी! त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि मान हलवली. “ब्लडप्रेशर वाढलंय. रोज एक गोळी, जेवणानंतर. उपाशीपोटी घ्यायची नाही.”

“किती दिस?”

“जन्मभर.”

“चालतंय की. गळ्यातली माळ बी जन्मभराचीच हाय.”

तात्यांनी नेम धरला. मात्र सोमवार औंढ्याच्या नागनाथाचा, शनिवार मारुतीचा, शिवाय महिन्याच्या दोन एकादश्या. उपासाला जेवण नाही. जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कुठून येणार? शाबूच्या उसळीला जेवण म्हणायला तात्या काही बाटलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी पारा तिथंच.

“तात्या, गोळी घेता ना?”

“व्हय. हात धुतला की पयली गोळी.”

“कधी चुकली?”

“इठ्ठलाची आण, एकडाव न्हाई!”

डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या. हे ऐकून तात्यांच्या कारभारीण धुरपताबाई घाबरल्या आणि थेट देव्हाऱ्यापुढं बसल्या.

“अवो, तुमच्यासाठी गुरुवार बोलले मी.”

“बरं केलंस. धर की मंग.”

“मी कशाला? दुखनं तुमचं, उपास बी तुमीच धरायचा!”

गुरुवार वाढला, गोळ्या घटल्या, पारा चढला. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या. आता जेवणाच्या दिवशी तीन गोळ्या एकदम पोटात जात आणि तात्या उठले की अंगण भोवताली फिरू लागे. धुरपताबाईंनी देवीचा मंगळवारही बोलून टाकला. आठवड्यात जेवायला तीनच वार उरले.

सप्ताह दहा-बारा दिवसांवर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “तात्या, यंदा वीणा नको. बसून ऐका कीर्तन.”

उपरण्यानं डोळे पुसत तात्या औषधाच्या खिडकीशी गेले. आत लतीफ कंपाउंडर पुडी बांधत होता. माणूस बोलका.

“तात्या, मागच्या गोळ्या संपल्या का?”

“कुठल्या संपतात! डबीभर पडल्यात.”

लतीफचा हात थांबला. “त्या काहून उरल्या?”

“उपास असतात ना, बाबा.”

“आज काय खाल्लं?”

“काई न्हाई. एकादशी हाय. वाटीभर भगर घेतली, दोन केळी घेतली, दूध घेतलं.”

“आन् गोळी?”

“जेवलो कुठं गोळी घ्यायला?”

लतीफनं पुडी टाकली नि तात्यांना हाताला धरून आत नेलं. “साब, यांना तकलीफ गोळीची न्हाई, उपासाची हाय. आमची अम्मी रमजानमधी असंच करायची.”

डॉक्टर भडकले. “अहो, मला आधी सांगायचं नाही का?”

“तुमी इचारलं, गोळी घेता का. म्हनलं, व्हय. जेवता का, हे कुठं इचारलं?”

मग खुर्ची ओढून डॉक्टर पहिल्यांदा तात्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. वारांची यादी ऐकली, तिनाची पुन्हा एक गोळी केली. “वार कोणताही असो, भाकर नाही तर भगर पोटात गेली की तिच्यावर एक. रोज. आठ दिवसांनी पुन्हा बघू.”

“उपास मोडला तर?”

“पाप माझ्या नावावर.”

“साब,” लतीफ हळूच म्हणाला, “तुमची बी दुपारची प्रेशरची गोळी ऱ्हायलीय. बाजाराच्या दिवशी दर डाव ऱ्हाते.”

“अरे, जेवण कुठं झालंय अजून?”

तात्यांनी डॉक्टरांकडं मायेनं पाहिलं. “डॉक्टरसायेब, तुमचा वो कोन्ता उपास आज?”

दवाखाना हसला, डॉक्टरांनी गुपचूप डबा उघडला.

आठ दिवसांनी पट्ट्यानं होकार दिला. सप्ताहात तात्या सातही सकाळी ताठ उभे राहिले, वीणा भुईला टेकली नाही. आता कीर्तन सुरू होईल. नाव घ्याल तेव्हा देवाचं घ्याच. पण त्या खिडकीतल्या लतीफचीही घडीभर आठवण ठेवा. त्यानं तात्यांना विचारलं होतं, आज काय खाल्लं?