एकोणीस दगड जागच्या जागी

"बाबा, तुम्ही फक्त छत्री धरायची. दगडाला हात लावायचा नाही," सूनबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

"अगं, चाळीस वर्षं दगडच उचलले. आता छत्री धरायला शिकतो," सासरे म्हणाले.

सूनबाई पुरातत्त्व खात्यात होत्या. नदीच्या जुन्या उतारावर, म्हणजे पूल नव्हते तेव्हा गाड्या जिथून पाण्यातून पलीकडे जात तिथे, पाणी ओसरल्यावर वर आलेली दगडी फरसबंदी सापडली होती. सापडली म्हणजे नव्या पुलाचा खांब रोवायला आलेल्या यंत्राच्या दातात आली. एकोणीस दगड उखडून काठावर पडले होते. चार वाजता पुलाचे इंजिनिअर येणार होते. तोवर ही मोडतोड नकाशावर दाखवली तर खांब हलणार, नाहीतर उद्या उरलेले दगडही भरावात. सूनबाईंचा सहकारी तापाने आडवा झालेला, म्हणून निवृत्त गवंडी असलेले सासरे सोबत आले होते.

सूनबाईंना आपल्या कामाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी दगडांवर खडूने आकडे टाकले, "जसं पडलंय तसंच नोंदवायचं, हा आमचा धर्म," असं सासऱ्यांना सुनावलं आणि आधी पलीकडचा काठ उरकायला उखडलेल्या जागेतल्या गुडघाभर पाण्यातून गेल्या. छत्री अलीकडेच राहिली.

तीन वाजता वर मान करून बघतात तर छत्रीखाली डबा आणि सासरे पाण्यात, विजार खोचून शेवटचा दगड ठोकताहेत. फरसबंदी या काठापासून त्या काठापर्यंत सलग, सुईलाही वाव नाही.

"बाबा! हे काय केलंत?"

"काही नाही गं. एक दगड तेवढा बसवून पाहिला. मग शेजारचं भोक वाईट दिसायला लागलं."

"आणि माझे आकडे?"

"घाणेरडा दगड मी जन्मात बसवला नाही. घासून धुतले."

सूनबाई तडक अलीकडे आल्या. मोडतोड दाखवायची तर आता मोडलेलं काही उरलंच नव्हतं. परत उखडावेत तर तो गुन्हा, आणि सासऱ्यांनी बसवलेला दगड कुणाच्या बापाला निघाला नसता. त्यांनी एक ओढूनही पाहिला.

चाराच्या ठोक्याला इंजिनिअर आले, तेही पलीकडच्या काठावर. रोज ते सहा मैलांचा वळसा घालून अलीकडे येत. आज त्यांनी दगडावर एक पाय टाकला, मग दुसरा, आणि कोरड्या बुटांनी समोर हजर झाले. मागोमाग चार मजूर आले आणि सायकल हातात धरून पोस्टमनही आला.

"बाई, मोडतोड कुठाय?"

"होती," सूनबाई ठामपणे म्हणाल्या. "सकाळी यायला हवं होतं."

"जाऊ द्या हो! पूल व्हायला दोन वर्षं. तोवर वळसा कोण घालणार? खांब सरकवतो दहा फूट. पण याला कुणी हात लावला तर बघा!"

सासऱ्यांनी डब्यावरची छत्री उचलून सुनेच्या डोक्यावर धरली.

सूनबाईंनी अहवाल अगदी खरा लिहिला. पहिला टप्पा मूळ बांधणीचा, दुसरा यंत्राच्या मोडतोडीचा, तिसरा दुरुस्तीचा, कालच्या तारखेसकट, दुपारी एक ते तीन. पण खात्याचे वरिष्ठ अहवाल वाचत नसत, फोटो बघत. आठवड्याने, ऐन जेवणाच्या वेळी त्यांचा फोन आला.

"तिसऱ्या टप्प्याचं काम अव्वल आहे! मूळ बांधणीपेक्षा सरस. अशी हातोटी आता राहिली नाही हो. कुठल्या शतकातलं म्हणायचं?"

"याच, साहेब."

"काय सांगता! आणि कारागीर?"

सूनबाईंनी ताटावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. "हयात आहेत. आमटी थोडी खारट झालीय म्हणताहेत. देऊ का फोन?"