बाबूकाकांचा दरवाजा

घोडपदेवला आमच्या शेजारच्या खोलीत बाबूकाका राहतात. लॅपटॉपसमोर बसले की ते मोठ्याने ओरडतात, "दरवाजा लावा!" खोलीत ते एकटेच असतात. दरवाजा लावणं म्हणजे फाइल सेव्ह करणं. काका फोर्टमधल्या एका इमारतीत लिफ्टमन होते. दरवाजा लागल्याशिवाय काहीही चालत नाही, यावर त्यांची गाढ श्रद्धा.

पुतण्याने जुना लॅपटॉप दिला आणि काकांनी फोनवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. मी चाळीत कुणाशी फारसं बोलत नाही. पण मी कॉम्प्युटरचं काम करते हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे प्रोग्रॅम लिहायचा एडिटर बसवून द्यायला बोलावणं मलाच आलं. मी काळी थीम लावली.

"ही अमावास्या कशाक गो? उजेड कर!"

उजेड केला. प्रोग्रॅम चालवायचं बटण वरच्या कोपऱ्यात दाखवलं. काका खूश. एरर आली की ते चिडत नाहीत. "ओव्हरलोड झाला. एक ओळ उतरवा," म्हणतात आणि खरंच एक ओळ काढून टाकतात. मग चार एरर येतात.

परवा सकाळी आमचं दार वाजलं. काका दारात, शर्ट उलटा.

"गो बाय, तो विचारतोय आणि माका उत्तर देता येत नाय!"

जाऊन पाहिलं. स्क्रीनवर खालच्या चौकटीत काकांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमचा प्रश्न उमटला होता: 'बांगडो गावलो काय रे?' काका जोरजोरात टाइप करत होते. एक अक्षर उमटेल तर शपथ. ती चौकट फक्त दाखवण्यापुरती असते, तिथे लिहिता येत नाही. प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये, म्हणजे उत्तर टाइप करता येतं त्या चौकटीत चालवायचा, एवढीच सेटिंग बदलायची होती.

"प्रश्न कुणाचा?" मी सेटिंग शोधत विचारलं.

"दादाचा."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दोघांनी लग्नं केली नाहीत. याच खोलीत जन्म काढला. दादा गेल्या दिवाळीनंतर गेले.

"मी बाजारातून आलो की मोरीतून ओरडायचा. मी पिशवी आपटायचो. म्हणायचो, डोळे नाय काय तुका? बघ." काका स्क्रीनकडेच बघत होते. "कधी धड सांगितलं नाय."

सेटिंग झाली. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"दरवाजा लावा," मी म्हटलं.

काका हसले. सेव्ह केलं, बटण दाबलं. प्रश्न आला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं: 'नाय दादा. मांदेली गावली. तुका आवडते ती.'

त्यापुढे प्रोग्रॅममध्ये काहीच नव्हतं. एंटर दाबलं की संपला.

"आता एंटर दाबा, काका."

"थांब गो," ते हळू म्हणाले. "दाबला की तो उतरून जातलो."