वामनराव, मूळ गट

समन्वय पक्षाचा विधानसभेत एकच आमदार उरला होता. मंगळवारी त्या पक्षात उभी फूट पडली आणि संध्याकाळी शालिनीताईंच्या दारात दोन वामनराव येऊन उभे राहिले.

दोघांनाही सर्दी झाली होती. एक आता सरकारात होते, दुसरे विरोधी बाकांवर. मूळ वामनराव कोण, याची सुनावणी पुढे चालणार होती. तोवर अध्यक्षांनी दोन्ही गटांना मान्यता दिली होती. शालिनीताईंनी तीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याच्या दोन्ही चेहऱ्यांकडे नीट पाहिलं आणि काढ्यात आणखी पाणी ओतलं.

दोघे एकमेकांशी बोलत नसत. मीठ हवं असलं तरी ताईंमार्फत मागत. धरणावरून तर त्यांचं अजिबात पटत नसे. ताईंना मात्र एकावर रागावायची सोय उरली नव्हती. दुसऱ्याचाही चेहरा पडायचा.

खरी अडचण आली ती प्राजक्ताच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात. कन्यादानाला कोणी बसायचं? सरकारातल्या वामनरावांनी बहुमताचा दाखला दिला. विरोधी वामनरावांनी निषेध नोंदवून सभात्याग केला आणि ते मांडवाबाहेर बाभळीखाली जाऊन बसले.

शालिनीताई शालू सावरत मध्ये येऊन उभ्या राहिल्या. दोघांनाही ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं, "ती गोवरानं फणफणली होती, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन रात्रभर कोण फिरलं?"

"मी," दोघे एकदम म्हणाले.

"मग दोघंही बसा."

गुरुजींनी थोडा विचार केला. फुटीबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही, तेव्हा मनाईही नाही, असा निर्णय त्यांनी दिला. ताईंच्या दोन बाजूंना दोन वामनराव बसले. पाण्याची धार दोघांनीही धरली.

पाठवणीच्या वेळी प्राजक्ता दोघांच्याही पाया पडली. "बाबा, भांडू नका," एवढंच तिला बोलता आलं. गाडी वळणाआड गेली तसे विरोधी वामनरावांचे गुडघे वाकले. सरकारातल्या वामनरावांनी पुढे होऊन त्यांना दंडाला धरलं. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती.

"याला युती समजू नये," ते शालिनीताईंना म्हणाले.

"नाही समजत," ताई म्हणाल्या. "पण इतक्यात सोडू नका."