डबा कुणाकडे आहे?

महाजनची सायकल बघून भुकूममधला एकही माणूस न हसता पुढे गेला नाही. सायकल एकदम परदेशी थाटाची. जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, आणि गिअर इतके की ते कशाला लागतात हे त्यालाही नीट सांगता यायचं नाही. आणि या एवढ्या रुबाबदार वाहनाच्या मागे काय, तर दूधवाल्याचं लोखंडी कॅरेज! ते बसवायला पुण्यातल्या दुकानदाराने साफ नकार दिला होता.

"साहेब, माउंटन बाइक आहे ही. हिला कॅरेज लावत नाहीत."

"मग डबा काय डोक्यावर नेऊ का भो?" महाजन म्हणाला. शेवटी पौडच्या एका वेल्डरने एक अक्षर न विचारता ते ठोकून दिलं.

हा डबा काय प्रकरण होतं ते सांगतो. पण आधी थंडीबद्दल सांगायला हवं.

मी आणि महाजन तेव्हा भुकूमला एका शेतकऱ्याच्या माडीवर भाड्याने राहत होतो. नोकरी दोघांचीही हिंजवडीला, एकाच कंपनीत. तो जळगावकडचा, त्याच उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आलेला; मी सोलापूरचा. सोलापुरात थंडी नुसती तोंड दाखवून जाते. इथली, मुळशीतली, मात्र रजईत शिरते आणि आपल्यालाच म्हणते, जरा सरक. त्यामुळे ऑफिसच्या बसखेरीज दुसऱ्या कशासाठीही रजई सोडायची नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

महाजनचं तसं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरने त्याच्या पोटाकडे बोट दाखवून काहीतरी सुनावलं आणि याने दसऱ्याला ही सायकल आणली. दिवाळीपर्यंत रोज फिरवली. मग थंडी पडली आणि सायकल जिन्याखाली गेली. "उद्यापासून पक्कं, भाऊ!" हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही "बरं" म्हणायचो.

उपाय मात्र त्याने काही कमी केले नाहीत. गजराचं घड्याळ स्टीलच्या पातेल्यात ठेवलं. त्या आवाजाने मी उठलो, खालचे घरमालक उठले, त्यांची म्हैस उठली. महाजन कुशीवर वळला. मग पायात बूट आणि डोक्याला माकडटोपी घालूनच झोपायला लागला. सकाळी बुटांसकट उशिरा उठायचा. एकदा मला म्हणाला, "तोंडावर पाणी मार. राग नाही येणार." मी मोठ्या आनंदाने मारलं. त्याने शांतपणे उशी उलटी केली आणि कोरड्या बाजूवर डोकं ठेवलं.

आणि एका रविवारी, चांगलं ऊन वर आल्यावर, हा पठ्ठ्या पिरंगुटचा घाट ओलांडून गेला आणि कासार आंबोलीजवळ पंक्चर झाला. तिथे रस्त्याकडेच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. तिने सायकल खालीवर न्याहाळली.

"दांडगी हाय की रं सायकल! पर मागं कॅरेज न्हाई? मंग हिचा उपेग काय?"

अक्काने त्याला तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी जेवू घातली, आणि उरलेली आमटी एका डब्यात भरून दिली. झाकणाला पोचा पडलेला साधा स्टीलचा डबा. महाजन सायकलसकट टेम्पोत बसून परत आला. आमटी मी खाल्ली. फारच चांगली होती.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. कुणाचा डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही. महाजनच्या आईने त्याला हे असं काही शिकवलं होतं की कंपनीत कुणाचा पेन घेतला तरी परत करताना हा बरोबर चॉकलेट द्यायचा. तो डब्यात बिस्किटं भरून घेऊन गेला. अक्काने झाकण उघडून बघितलं.

"बिस्किटं? घरी करनारं कुनी न्हाई व्हय रं?"

"नाही," महाजन म्हणाला.

अक्कालाही रीत होतीच. तिने बिस्किटं काढून घेतली आणि डब्यात हरभऱ्याची भाजी भरली. झालं! डबा परत आमच्याकडे.

मग तो संबंध हिवाळा डबा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहिला. जो माणूस पातेल्यातल्या गजराला दाद देत नव्हता, तो अंधारात उठून गॅसवर वांगी भाजायला लागला. खोलीभर धूर. मी रजईतून ओरडायचो, "अरे, रात्री भाजत जा की!" तर म्हणायचा, "शिळं भरीत देऊ का अक्काला?" पहिलं भरीत त्याने खानदेशी तिखटाचं केलं होतं. अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "जीव घेतुयास का माझा?" म्हणाली, पण डबा चाटूनपुसून रिकामा केला आणि लगेच भरलाही. कॅरेज बसवलं ते त्यानंतरच.

मला हे सगळं येडेपण वाटायचं. "त्यांना सांग ना, आता डबा ठेवून घ्या म्हणून," मी एकदा म्हणालो. "तूही सुटशील, मीही सुटेन."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याची सायकल भंगारात घालायला सांगत होतो.

संक्रांतीच्या सुमाराला तो तापाने पडला. अंग नुसतं फणफणलं होतं. दोन दिवस झाले, डबा आमच्याचकडे. तिसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर हा भिंतीला धरून बुटात पाय घालतोय! मी त्याला ढकलून परत पांघरुणात घातलं.

"मग तू जा," तो म्हणाला. "पण रिकामा नेऊ नको. काही नसेल तर साखर घाल. रिकामा गेला ना भाऊ, तर संपलं सगळं." बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला नाही म्हणता येईना.

गेलो. त्याच सायकलवरून. घाटात धुकं इतकं की पुढचं चाक दिसत नव्हतं. हाताची बोटं माझी आहेत की हँडलची, कळायला मार्ग नाही. अर्ध्या चढावर मी थांबलो, महाजनला, त्या डॉक्टरला आणि सायकल शोधून काढणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि सायकल उलटी फिरवली. तेवढ्यात मागे कॅरेजवर डबा खडखडला. आता याला काय सांगायचं? सायकल पुन्हा सरळ केली.

अक्का गोधडी पांघरून ओट्यावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने डबा उघडला, आत साखर बघितली आणि विचारलं, "ताप हाय का त्याला?"

मी चाटच पडलो.

"बरा असता तर साखर धाडली नसती त्यानं," ती म्हणाली आणि आत हाक मारली, "अगं, मऊ भात टाक वाईच."

सून दारात आली, माझ्याकडे बघून हसली. "फळीभर डबे हायेत घरात. पर अक्कास्नी ह्योच लागतुया. बाजारातनं आलं की पयलं इच्यारत्यात, डबा आला का?"

"गप ग!" अक्का तिच्यावर खेकसली. मग हळूच मला म्हणाली, "आई न्हाई त्याला. गेल्या थंडीत गेली. तुला सांगितलं व्हतं का त्यानं?"

नव्हतं सांगितलं. आम्ही एका खोलीत झोपत होतो, एका ताटात जेवत होतो. दिवाळीत तो गावी का गेला नाही हेही मी कधी विचारलं नव्हतं.

"लई येळा मनात येतं, ठिव म्हनावं डबा हितंच," अक्का म्हणाली. "थंडीवाऱ्याचं कशाला पोराला तंगडतोड कराया लावायची? पर डबा हितं ऱ्हायला तर त्यो यील कशाला? आन् म्या तरी कुनाची वाट बघू?"

मी परत आलो तेव्हा महाजन उठून बसला होता. त्याने आधी डब्याकडे बघितलं. "भरलाय ना?"

"भरलाय."

त्याने झाकण काढलं, वाफेत तोंड धरलं. मग भात खाल्ला. सगळा. "घाटात रोज वाटतं रे, परत फिरावं," तो म्हणाला. "मग वाटतं, ती ओट्यावर बसली असेल. आई गेल्यापासून माझ्यासाठी असं कुणी बसलेलं नव्हतं."

मी डबा घासला, पुसला आणि फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता, पण उभं राहवत नव्हतं. अंधारातच मी रजई बाजूला केली, गॅस पेटवला आणि वांगी ठेवली. धूर झाला. मी लसूण ठेचला, मिरच्या घेतल्या आणि डोळे चोळत ठेचायला बसलो.

पांघरुणातून आवाज आला, "दोनच घाल, भाऊ. अक्काला तिखट सोसत नाही."