मासळी बाजारातला बर्फ

आमच्या शेजारचे नेगीजी दर रविवारी बोईसरच्या मासळी बाजारात जातात आणि मासे न घेता परत येतात. मासे ते खातच नाहीत. जातात ते बर्फासाठी. पापलेटाच्या पेटीत हात घालून, डोळे मिटून उभे राहतात. देवळातही माणसं इतकी तल्लीन होत नाहीत.

"भाऊ, मासं कदी घेनार?" कोळीण हिराबाई दर वेळी विचारते. "आमी बरफ नाय विकत!"

नेगीजी मूळचे हिमाचलातल्या पार वरच्या एका गावचे. इथे सरावलीत, आमच्या भिंतीला भिंत लावून, कारखान्यात फिटर म्हणून वर्षानुवर्षं तापताहेत. एकटेच राहतात. मराठी उत्तम बोलतात, फक्त थंडीचा विषय निघाला की हिंदीत शिरतात. आणि तो निघाला नाही असा दिवस मला तरी आठवत नाही.

जानेवारीत आम्ही मोठ्या अभिमानाने कपाटातले स्वेटर बाहेर काढतो. नेमके तेव्हाच नेगीजी बनियनवर गॅलरीत उभे असतात. "राऊतजी, ये कोई ठंड है? तुम्ही लोक पंखा पाचवरून दोनवर आणता आणि त्याला हिवाळा म्हणता!"

आमच्या माकुणसारच्या वाडीत पहाटे शेकोटी पेटते, असं मी एकदा बाणेदारपणे सुनावलं.

"डास मारायला?" त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं.

इतरांच्या हॉलमध्ये टीव्ही असतो तिथे यांच्याकडे एक लाकडी फावडं टांगलेलं आहे. बर्फ काढायचं. गावाहून रेल्वेने आणलेलं. बोईसरला त्याची किती गरज आहे हे मी वेगळं सांगायला नको, तरी दर दिवाळीला त्याला तेल चोळलं जातं. "रात्री बर्फ पडलं की सकाळी आधी छत साफ करायचं, नाहीतर वजनाने घर बसतं. पहले छत, फिर चाय!" ज्या घरात फावडं चालवणारं कुणी नाही, त्याचं छत शेजाऱ्याने साफ करायचं आणि मग त्या घरचा चहा प्यायचा, असा तिकडचा रिवाज. बिल्डिंगची गच्ची गळते म्हणून मीटिंग भरली, तर नेगीजींनी अर्धा तास हेच ऐकवलं. गच्ची अजून गळते आहे.

गावी त्यांची म्हातारी आई एकटी असते. एकदा एप्रिलात इथे आली होती. 'या तव्यावर तूच राहा' म्हणाली आणि परत गेली.

यंदा तिकडे जोरदार बर्फ पडल्याची बातमी झळकली. मी चिडवायला म्हणून निघालो, तर दाराला कुलूप. वार मंगळवार, तरी स्वारी सापडली बाजारातच, पेटीत कोपरापर्यंत हात घालून. हिराबाई गिऱ्हाईक सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

"रस्ता बंद आहे. कालपासून आईचा फोन लागत नाही," नेगीजी म्हणाले. "तरणी माणसं सगळी खाली आली, नोकऱ्यांना. माझ्यासारखी. छत कोण साफ करणार?"

"भाऊ, हात काडा. बधिर होल."

"होऊ दे, ताई. असा ठेवला की कळतं, माँ को कितनी ठंड लगती होगी."

हा माणूस रविवारी इथे हौस भागवायला येतो, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. बोटं इतकी आखडली होती की त्यांना तो धरता येईना. मीच काढला आणि स्पीकर लावला. आई होती. कशी आहेस, बरी आहेस ना, असलं काही विचारणं नाही.

"छत?" नेगीजींनी विचारलं.

झालं होतं. खालच्या घरातला एक म्हातारा, तिच्याच वयाचा, थांबत थांबत सगळं बर्फ ढकलून गेला होता.

नेगीजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"उसको चाय पिलाई ना, माँ?"

"दो गिलास," आई म्हणाली.

फोन बंद झाला. हिराबाईने चहावाल्याला हाक मारली आणि पहिला ग्लास नेगीजींपुढे धरला.

"छत झाला ना, भाऊ? आता चा घ्या."

म्हणजे तिलाही ऐकवून झालं होतं. नेगीजींनी दोन्ही हातांनी ग्लास धरला.